पोतदारांच्या पडद्याआड

पोतदारांच्या दुकानातला पडदा हिरवा होता आणि त्याला शिळ्या आमटीचा वास येत होता. हे मला इतक्या खात्रीनं सांगता येतं, कारण त्या दिवशी तो पडदा माझ्या नाकाला टेकलेला होता. आणि पडद्याच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर, अण्णा उपाध्ये उभे होते.

"मारुतराव," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "दुकानात दुसरं कोणी नाही ना?"

"दुसरं कोण असणार ओ?" पोतदार म्हणाले. "मंगळवारी कावळासुदिक फिरकत न्हाई हिकडं."

मी श्वास रोखून धरला.

पोतदारांचं दुकान कोल्हापुरात, गुजरीच्या, म्हणजे सराफांच्या पेठेच्या, मागच्या बोळात होतं. जुनी नाणी घेणं आणि विकणं हा त्यांचा धंदा. एक काचेचं कपाट, एक गादी, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, आणि मागे हा पडदा. पडद्याआड त्यांचा स्टोव्ह, पाण्याची बादली आणि जेवणाचा डबा. अण्णा बोळातून येताना दिसले तेव्हा मी त्या स्टुलावर बसलो होतो. काही विचार न करता उठलो आणि पडद्याआड घुसलो. पोतदार 'अहो, अहो' म्हणेपर्यंत माझी पिशवीसुद्धा आत आली होती. त्या पिशवीत माझा सगळा नाण्यांचा संग्रह होता. तो मी विकायला आणला होता, आणि ज्या एका माणसाला ते कळू नये असं मला वाटत होतं, तो माणूस आता बाहेर स्टुलावर टेकत होता.

मिरजेत माझं चष्म्यांचं दुकान आहे. नाव बाहुबली मगदूम. आमच्या जैन घरांत हे नाव सर्रास ठेवतात आणि ठेवताना पोरगं पुढे कसं निघेल याचा कोणी विचार करत नाही. मी असा निघालो की दुकानाचं शटर वर करायला शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारावी लागायची. गिऱ्हाईक बाहेरची पाटी वाचून आत यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठं आहेत?"

अण्णा त्याच गावचे. नगरपालिकेच्या जकात नाक्यावर निरीक्षक होते. आयुष्यभर लोकांची पोती, पेट्या आणि पिशव्या तपासल्या आणि मग निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली. घरात ते आणि मुलगी त्रिशला. अण्णांना नाद होता स्मारक नाण्यांचा. म्हणजे कुणाची जन्मशताब्दी असते, कुठल्या संस्थेचा हीरकमहोत्सव असतो, त्या निमित्तानं सरकार एक खास नाणं काढतं. ते बाजारात येत नाही. आधी नोंदणी करायची, मग महिनोन् महिने वाट बघायची, मग एक मखमली डबी येते आणि डबीत ते चकचकीत नाणं. त्याला हातानं शिवायचं नाही, पांढरे हातमोजे घालायचे.

अण्णांनी मिरजेत 'नाणेमित्र मंडळ' काढलं तेव्हा रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात बसायला जागा नसायची. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणाव्या लागत. नव्या नाण्याची डबी उघडायची कोणी, यावरून एकदा एक सर्जन आणि एक कापड व्यापारी यांची जुंपली होती. पण पुढे नाणीच इतकी यायला लागली की माणसं दमली. पूर्वी कधीतरी एखादं नाणं यायचं, मग एक डबी ठेवतोय तोवर दुसरी. शंभराचं, सव्वाशेचं, दीडशेचं. एकदा साठ रुपयांचं आलं, तेव्हा कापड व्यापारी म्हणाला, "साठ रुपयांचं नाणं असतं होय? उद्या साडेसत्तावीसचं काढतील," आणि तो परत आला नाही. सर्जनसाहेब बोन्सायकडे वळले. एकाला नातू झाला, एकाला मधुमेह झाला. शेवटी मंडळात तिघं उरलो. अण्णा अध्यक्ष, मी चिटणीस आणि त्रिशला खजिनदार, शिवाय महिला विभागप्रमुख.

तरी दर रविवारी सभा व्हायची. मी मागच्या सभेचा वृत्तान्त वाचायचो. त्रिशला चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायची आणि तिसऱ्या खुर्चीवर बसायची. तिघंही हातमोजे चढवायचो. अण्णा डबी उघडून नाणं माझ्या तळव्यावर ठेवायचे. मी म्हणायचो, "वा!" आणि ते त्रिशलाकडे द्यायचो. तीही म्हणायची, "वा."

माझ्या आईनं मात्र एक दिवस कपाट उघडलं आणि डब्यांची चळत तिच्या पायावर कोसळली. अंगठा चांगला सुजला. "ह्या डब्या तरी घरातनं जातील, नाहीतर मी जाईन," ती म्हणाली. म्हणून मी कोल्हापूरला आलो होतो. अण्णांना सांगायची हिंमत नव्हती. त्यांचं मन मोडवत नाही, असं मी आईला सांगितलं होतं, आणि विचारलं असतं तर तुम्हालाही तेच सांगितलं असतं.

तर पडद्याबाहेर अण्णांनी आपली पिशवी गादीवर ठेवली. खणखण आवाज आला.

"हे घेऊन टाका," अण्णा म्हणाले.

पोतदारांनी पिशवीत डोकावलं असावं. मोठा सुस्कारा ऐकू आला. "उपाध्येसाहेब, शिवराई आणा, घेतो. एखाद्या संस्थानचा घासलेला पैसा आणा, उभ्या उभ्या घेतो. ह्ये नवं नगं."

"अहो, एकेक नाणं आरशासारखं आहे!"

"त्येच तर! नाणं बाजारात हिंडलं पायजे. त्याला कुणीतरी दातानं चावलं पायजे, कुणीतरी कनवटीला लावलं पायजे. ह्ये डबीत जन्माला आलं आन् डबीतच बसलंय. पूर्वी गिऱ्हाईक माझ्या दारात रांग लावत हुतं नव्या नाण्यासाठी. आता नाव काढलं की बस पकडायची हाय म्हणतंय." पोतदार थांबले. "पण तुमी का इकाय लागलाय? तुमचा तर जीव हुता ह्यात."

"होता," अण्णा म्हणाले. "सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत होता. आता डबी उघडली की मला जांभई येते, मारुतराव. खोटं कशाला बोलू?"

माझ्या हातातली पिशवी घसरायला लागली. मी ती गुडघ्यात धरली.

"मग बंद करा की!"

"कसं करू? एक पोरगं आहे ना, चष्म्याच्या दुकानवालं. बाहुबली. सगळे गेले, पण तो काही जात नाही. दर शनिवारी रात्री मी ठरवतो, उद्या सांगून टाकायचं. रविवारी तो येतो, चपला काढतो, हातमोजे घालतो आणि डोळे असे चमकतात त्याचे, की मला बोलवतच नाही. हल्ली नाण्यांसाठी एवढं वेडं झालेलं पोरगं कुठं मिळतं? मंडळ मोडलं तर तो हाय खाईल. तशी तब्येतही नाजूक आहे त्याची."

मी इतका चकित झालो की पुढे कलंडलो आणि कपाळ पडद्याला लागलं. पडदा हलला.

"मांजर हाय," पोतदार घाईनं म्हणाले.

"एवढ्या उंचीवर?" अण्णा म्हणाले. "मारुतराव, मी जकातीत होतो. पडद्यामागे माल आहे, आणि तो श्वास घेतोय."

ते उठल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले. पण तेवढ्यात बाहेरून एक आवाज आला, आणि माझे डोळे आपोआप उघडले.

"पोतदारांचं दुकान हेच का?"

तो त्रिशलाचा आवाज होता.

पुढच्याच क्षणी पडदा फरकन् सरला, अण्णा आपल्या पिशवीसकट आत आले आणि पडदा ओढून घेतला. मग वळले. आत जागा एका स्टोव्हपुरती होती. आमची नाकं एकमेकांना लागायची फक्त बाकी होती.

अण्णांनी आवाज न करता तोंड उघडलं आणि मिटलं. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार? त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं एक बोट तिच्यावर दाबलं.

"नाणी?" ते कुजबुजले.

"नाणी."

"विकायला?"

"हो. तुम्ही?"

अण्णांनी स्वतःच्या पिशवीकडे असं पाहिलं, जणू ती कुणीतरी रस्त्यात त्यांच्या हातात कोंबली होती.

बाहेर त्रिशला स्टुलावर बसली होती. ती मिरजेतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. खांदे धरलेल्या पैलवानांशी बोलायची तिला सवय, त्यामुळे आवाज स्वच्छ आणि मोठा.

"काका, मी अण्णा उपाध्यांची मुलगी. मी आलेय हे अण्णांना कळता कामा नये."

"न्हाई कळणार," पोतदार म्हणाले. मग जरा खाकरले. "म्हंजे माझ्याकडनं न्हाई."

"ही नाणी बघा. दर वाढदिवसाला अण्णा मला एक डबी देतात. लहान होते तेव्हापासून. बारावीला मला सायकल हवी होती. इतकी हवी होती की मी तिचा रंगसुद्धा ठरवला होता. आली ही डबी."

"मग काय केलं?"

"अय्या म्हटलं. दरवर्षी म्हणते."

माझ्या शेजारी अण्णा हळूच म्हणाले, "सायकल?" आणि माझ्याकडे असं बघायला लागले, जणू हे मला आधीपासून ठाऊक असायला हवं होतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा, पण एका हातात पिशवी होती आणि दुसरा हात वर केला तर पोतदारांचा जेवणाचा डबा पडला असता.

"आन् आता इकाय काढलाय?" पोतदार म्हणाले.

"विकत नसाल घेत तर तशीच ठेवा. मी खरं तर दुसऱ्याच कामासाठी आलेय. तुम्ही अण्णांना एक फोन करा. सांगा की ही नाणी आता बंद झाली. कायमची. तुमचं ते ऐकतील. मला सांगवत नाही. आई गेल्यापासून त्यांना हाच एक विरंगुळा आहे, म्हणून मी दर रविवारी बसते. पण माझा जीव जातो हो काका. मागच्या रविवारी मी डोळे उघडे ठेवून झोपले होते. हातात सव्वाशेचं नाणं होतं."

"अरेरे," पोतदार म्हणाले. मला खात्री आहे, ते हसू दाबत होते.

"आणि सगळा घोळ त्या बाहुबलीमुळे होतो. तो प्रत्येक नाण्याला 'वा' म्हणतो. तो 'वा' म्हणाला की अण्णा पुढची डबी उघडतात. तो एक रविवार आला नाही ना, तर हे आपोआप बंद पडेल. पण तो येतोच. पाऊस असो, ऊन असो. एकदा तर गालगुंड घेऊन आला होता. मफलर बांधून 'वा' म्हणत होता!"

अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू 'वा' का म्हणायचास?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून," मी कुजबुजलो.

"अरे, मी पुढची डबी काढत होतो ती तुला बरं वाटावं म्हणून!"

शेवटचं वाक्य कुजबुजलेलं नव्हतं. ते जकात नाक्यावर ट्रक अडवायच्या आवाजात आलं. आपण काय केलं हे लक्षात येऊन अण्णा दचकले, मागे सरकले, त्यांचा पाय बादलीत गेला, आधारासाठी त्यांनी पडदा धरला आणि मी अण्णांना धरलं. पडद्याची दांडी भिंतीतून खिळ्यासकट निघाली. आम्ही दोघं, हिरवा पडदा, दोन पिशव्या आणि मखमली डब्यांचा लोंढा असे सगळे मिळून पोतदारांच्या गादीवर आलो.

एक नाणं घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं, तिथे स्वतःभोवती बराच वेळ फिरलं आणि आडवं झालं.

"अण्णा?" त्रिशला म्हणाली. मग पडद्यातून माझं डोकं बाहेर आलं. "आणि तुम्ही?"

"नमस्कार," मी म्हणालो.

"माझा पडदा!" पोतदार म्हणाले.

अण्णा उठून बसले. एक पाय ओला, चष्मा एका कानावर. "त्रिशला," ते म्हणाले, "सायकलचं तू मला सांगायचं होतंस."

"तुम्ही डबी देताना इतके खूश होता की..."

"मी खूश होतो कारण तू अय्या म्हणायचीस!"

ती आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होती. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी अजून पडद्यात गुंडाळलेला होतो आणि हातात पोतदारांचा जेवणाचा डबा होता. तो पडू नये म्हणून मी धरला होता, आणि नेमका तेवढाच वाचला होता. ती हसायला लागली, आणि तिला हसू थांबवता येईना. मग अण्णा हसायला लागले. पोतदार पोट धरून हसत होते, पण मधेच त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी गादीखालून एक लोखंडी पेटी ओढली. पेटीत डब्याच डब्या. लोकांनी गळ्यात मारलेली सगळी स्मारक नाणी.

"आलायसाच तर ह्ये घेऊन जावा," ते म्हणाले. "फुकट. मला बसायला जागा करा."

अण्णांनी एक डबी उचलली, उघडली, चष्मा सरळ केला. "अरेच्चा, हे माझ्याकडे नाहीय..."

"अण्णा!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

त्यांनी डबी मिटून ठेवली.

पोतदारांनी आमचं काहीही घेतलं नाही. आम्ही दांडी पुन्हा भिंतीत ठोकून दिली, सगळी नाणी गोळा करून पिशव्यांत भरली आणि आम्ही तिघं बोळातून बाहेर पडलो. स्टँडजवळच्या एका हॉटेलात बसलो. अण्णांनी मिरचीची भजी मागवली. त्यांचा एक पाय अजून ओला होता आणि चालताना बुटातून आवाज येत होता, पण मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे आता रविवार सुट्टीचा," ते म्हणाले. "मी सकाळी उशिरापर्यंत झोपणार."

"मी पोहायला जाणार," त्रिशला म्हणाली.

मी भज्याकडे बघत राहिलो. खरं तर माझीही सुटका झाली होती. आई खूश होणार होती. पण रविवारी सकाळी आता कुठं जायचं, ते मला कळत नव्हतं.

"मंडळ एकदम बंद करायची काही घाई नाही," मी म्हणालो. "निदान वृत्तान्त वाचायला तरी जमत जाऊ."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"पण तुम्हालाही कंटाळाच यायचा ना?" त्रिशला म्हणाली. "विकायला घेऊन आलात म्हणजे यायचाच."

"फार."

"मग इतकी वर्षं तुम्ही येत कशाला होता?"

अण्णांचं भजं तोंडाशी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. झाकलेल्या पोत्यात काय आहे हे उघडायच्या आधीच ओळखणारा माणूस होता तो. त्यांनी भजं बशीत ठेवलं आणि उठले.

"मी हात धुऊन येतो," ते म्हणाले.

"अण्णा, अजून भजी संपली नाहीत."

"मधे मधे धुवावेत," अण्णा म्हणाले, आणि बुटाचा आवाज करत बेसिनकडे गेले.

त्रिशला वाट बघत होती.

"तुमच्या घरचा चहा छान असतो," मी म्हणालो.

"चहा अण्णा करतात."

हे मला नवीन होतं. "पण आणता तुम्ही," मी म्हणालो.

टेबलावरच्या मिठाच्या बाटलीचं झाकण तिनं घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

"गालगुंड झालं होतं तेव्हासुद्धा चहासाठीच आलात?"

"तेव्हा चहा गिळता येत नव्हता."

"मग?"

"तुम्हाला बघायला आलो होतो," मी म्हणालो. "त्या दिवशी. आणि बाकीच्या दिवशीही. नाणं मी कधी नीट बघितलंच नाही. तुम्ही समोर बसायचा, म्हणून 'वा' म्हणायला सोपं जायचं."

हॉटेलात पंखा होता, कपबश्यांचा आवाज होता, बाहेर कंडक्टर सांगलीच्या नावानं ओरडत होता. मला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो आणि तिच्याच चेहऱ्याकडे बघत होतो. तिचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात बेसिनकडून अण्णांचा आवाज आला. "त्रिशला! इथं साबण नाही! मला जरा वेळ लागेल!"

तिनं मान वळवली नाही. माझ्याकडे बघतच तिनं मोठ्यानं उत्तर दिलं.

"सावकाश या, अण्णा!"

ते बऱ्याच वेळानं आले. बोटांना पाण्यानं सुरकुत्या पडल्या होत्या. खुर्ची ओढून बसले, गार झालेलं भजं बाजूला सारलं आणि पोऱ्याला दुसरी प्लेट गरम आणायला सांगितली. मग रुमालानं एकेक बोट पुसत माझ्याकडे वळले. आजवर त्यांनी मला 'अरे बाहू'शिवाय हाक मारली नव्हती.

"मगदूम," ते म्हणाले, "तुमच्या मातोश्रींना भेटायला आम्ही कधी यावं?"